बिनभोकाचं बटण

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. शिवणकामाच्या एका लहानशा दुकानात, कापड कापायच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर माझी जागा आहे, आणि माझ्या पोटात बटणं असतात. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, डब्याची कसली आलीय कहाणी? डबा उघडतो, डबा मिटतो, झालं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. पण एकदा माझ्या पोटात असं काही येऊन पडलं, की त्यानंतर आजतागायत माझं झाकण धड बसलेलं नाही. ते सांगायलाच मी तोंड उघडलं आहे. लवकर सांगितलेलं बरं, कारण हे प्रकरण अजून संपलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा होतो, वरून मोठा दाब आला, कानठळ्या बसल्या आणि मी गोल झालो. झाकणावर चौखूर उधळलेला पांढरा घोडा रंगवला होता. आता त्याचे मागचे दोन पाय आणि शेपूट तेवढं उरलं आहे. नवीन माणसं विचारतात, हे झाड कसलं? मी राग गिळतो. माझ्यात आधी बिस्किटं होती. ती एका घरात दोन दिवसांत फस्त झाली, आणि त्या घरातल्या आईने मला धुऊन, पुसून, उन्हात वाळवून माझ्यात बटणं भरली. तिथून माझी नोकरी सुरू झाली.

झाकण उघडं असलं की मला दिसतं, मिटलं की नुसतं ऐकू येतं. पण पोटात काय पडलं ते मला अंधारातही कळतं. शिंपल्याचं बटण टिण करून पडतं, धातूचं टण करून, लाकडी टक करून. आणि मला माझ्या झाकणाचा भारी अभिमान होता. ते एकदा दाबलं की आत मुंगी शिरत नसे. पोटात आलेलं पोटात ठेवावं, तोंडातून अवाक्षर काढू नये, यालाच मी मोठेपणा समजत होतो. घरात माझं कौतुक व्हायचं तेही याच गोष्टीचं.

त्या घरात आई, वडील आणि दोन मुली होत्या. आई घरीच शिवणकाम करायची. तिला अधूनमधून जाग यायची. हा त्या घरातला खास शब्द होता. तुम्हाला सकाळी येते ती जाग नव्हे. आईला जाग आली की तीन तीन, चार चार दिवस तिचा डोळा मिटत नसे. सुरुवातीला सगळ्यांना बरंच वाटायचं. आई गाणी म्हणायची, एका दिवसात दोन झगे शिवून मोकळी व्हायची, शेजारणी म्हणायच्या, काय उरक आहे बाईचा. मग तिचं बोलणं इतकं भरभर व्हायला लागायचं की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. आणि मग तिला वाटायचं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

एका दुपारी तिने कपाटातले सगळे कपडे बाहेर ओढले आणि एकूणएक बटणं कापली. बटणांना चार चार डोळे असतात, असं ती म्हणत होती, आणि ते कधी मिटत नाहीत. त्या एका दुपारी मी काठोकाठ भरलो. वडील घरी आले. त्यांनी तिच्या हातातली कात्री हिसकावून घेतली, कपाटात टाकून कुलूप लावलं आणि मुलींना बजावलं, की घरातलं घरात ठेवायचं, बाहेर कुणापाशी बोलायचं नाही. आईला काय होतंय हे त्यांनी आईला विचारलं नाही. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, काय शहाणा माणूस आहे, अगदी माझ्यासारखा.

दोन दिवसांनी आई दार उघडं टाकून बाहेर गेली. ती परत आली नाही. नदीपाशी सापडली, एवढंच माझ्या कानावर आलं. त्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं होतं आणि मुलींना कुठे ठेवायचं हे कुणाला सुचत नव्हतं. मग कुणीतरी मला त्यांच्यापुढे पालथं केलं आणि सांगितलं, रंगारंगाची बटणं वेगळी करा. थोरली चौदा वर्षांची होती, धाकटी नऊ. दिवसभर त्या बटणं निवडत बसल्या. धाकटी मधेच विचारायची, आई कधी येणार? थोरली म्हणायची, पांढरी इकडे ठेव. त्या दिवसानंतर थोरलीने माझ्यात कधी बोट घातलं नाही.

पुढे वडीलही गेले आणि बहिणींनी हे दुकान काढलं. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे टेबल, मागे दोन मशीनं, खिडकीखाली इस्त्री, आणि भिंतीला एक लांब तारेचा आकडा. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी थोरली त्या आकड्यात टोचून ठेवते. जे आकड्याला नाही ते झालंच नाही, असा तिचा खाक्या. ती माप घेते, कापते, मशीनवर शिवते. काज आणि बटणं धाकटीकडे. कात्री थोरलीची, डबा धाकटीचा, अशी त्यांची वाटणी होती.

काज म्हणजे बटण ज्यात अडकवतात ती चीर. तुमच्या शर्टाची बघा, मशीनने केलेली असेल. हाताने करायची तर कापडाला नेमका छेद द्यायचा, आणि कडेने एकाला एक लागून असे टाके घ्यायचे की प्रत्येक टाक्याची गाठ बरोबर कडेवर बसली पाहिजे. एक गाठ सरकली की काज वाकडं हसतं. धाकटीचं काज कधी हसलं नाही. लांबलांबून लोक भारी कापडाचे कोट घेऊन यायचे, ते थोरलीच्या शिलाईसाठी कमी आणि धाकटीच्या काजांसाठी जास्त. थोरली हे गिऱ्हाइकांसमोर कबूल करत नसे, पण गिऱ्हाईक गेलं की कोट उलटसुलट करून काजंच बघत बसायची. ती सुखाची वर्षं होती. मी रोज दहा वेळा उघडला जात होतो आणि माझ्या अंगावर धूळ बसत नव्हती.

धाकटीला पहिली जाग आली तेव्हा ती चौतिसाव्या वर्षात होती, आणि मला ती कुणाहीपेक्षा आधी कळली. कारण तेव्हाही सगळ्यांना बरंच वाटलं. कोटांचं मोठं काम आलं होतं. धाकटी दिवसाला सहा कोटांची काजं करायची तिथे दहा करू लागली, मग चौदा. ती गाणी म्हणायची. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमची बहीण म्हणजे सोनं आहे. थोरलीही खूश होती. मी मात्र ती गाणी ओळखत होतो. मी काय करणार? माझं झाकण घट्ट होतं.

आठव्या दिवशी एका वकिलाचा काळा कोट तयार झाला. थोरलीने तो इस्त्रीसाठी उलटा केला आणि तिथेच थांबली. कोटाच्या पाठीवर, कॉलरपासून खालपर्यंत, एका सरळ रेषेत एकोणीस काजं होती. एकही वाकडं नव्हतं. इतकी देखणी काजं धाकटीने आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाहीत. थोरलीने विचारलं, हे काय आहे? धाकटी सहज म्हणाली, "मागून कोण येतंय ते दिसायला नको?"

त्यानंतर तीन आठवडे धाकटी इस्पितळात होती. ती परत आली तेव्हा तिच्यासोबत गोळ्या आल्या. पांढऱ्या, गोल, शर्टाच्या बटणाएवढ्या. रोज सकाळी एक. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गोळ्या चुकू देऊ नका. थोरलीने ते अंगावरच घेतलं. सकाळी दुकान उघडलं की इस्त्री तापेपर्यंत धाकटीने गोळी घ्यायची, आणि दहा गोळ्यांची पट्टी रिकामी झाली की ती मापाच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी आकड्यात टोचायची. महिन्याने त्या पट्ट्या काढून डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या. आकड्याला पट्टी लागली म्हणजे गोळी पोटात गेली, यात थोरलीला काही शंका नव्हती.

गोळ्यांनी धाकटीची झोप परत आली. गाणी थांबली. कुणी बघत नव्हतं, कुणी मागून येत नव्हतं. आणि तिचा हात थरथरू लागला.

फार नाही. चहाचा कप धरला तर कुणाच्या लक्षात येऊ नये इतकाच. पण सुईत दोरा ओवायला तेवढं पुरे असतं. ती सुई उचलायची, दोऱ्याचं टोक ओलं करायची, आणि टोक सुईच्या नाकाच्या अल्याड पल्याड नाचत राहायचं. पहिल्या आठवड्यात तिने बत्तीस काजं केली आणि त्यातली एकोणतीस उसवली. उरलेली तीन हसत होती. थोरली काही बोलली नाही. चांगुलपणानेच बोलली नाही. तिने भारी कोट बाजारातल्या काजाच्या मशीनवाल्याकडे पाठवायला सुरुवात केली आणि धाकटीला नुसती बटणं लावायला दिली. मग बटणंही सैल पडू लागली, तेव्हा इस्त्री दिली. मग इस्त्रीने एक बाही करपली, तेव्हा कपड्यांचे गठ्ठे बांधायला दिले. दर वेळी थोरली म्हणायची, तू आराम कर गं, कामाचं काय एवढं. धाकटी हो म्हणायची. एकीने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही. त्या घराची शिकवणच तशी होती, आणि ती शिकवण माझ्याही अंगात भिनली होती.

बटणंही बाहेरूनच लागून येऊ लागली, आणि चार महिने मी उघडलाच गेलो नाही. माझ्या अंगावर धूळ बसली. एका सकाळी थोरली इस्त्रीकडे तोंड करून उभी असताना माझं झाकण हळूच वर झालं. दोन बोटं आत आली, पांढरी बटणं बाजूला सारली, आणि तळाशी काहीतरी पडलं. टिण नाही, टण नाही, टकही नाही. नुसतं टप. तसा आवाज माझ्या पोटात कधी झाला नव्हता. वरून बटणं सारखी केली गेली, झाकण मिटलं, आणि मला पाण्याचा पेला टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. इस्त्रीकडून थोरलीचा आवाज आला, घेतलीस? धाकटी म्हणाली, घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टप. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आकड्याला पट्ट्या लागत होत्या आणि गोळ्या माझ्या पोटात जात होत्या. जागा तिने नेमकी हेरली होती. थोरली माझ्यात हात घालणार नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

मित्रांनो, त्यानंतरचा महिना दुकानात आनंदीआनंद होता, हे सांगताना मला लाज वाटते. धाकटीचा हात स्थिर झाला. एके दिवशी तिने आपण होऊन एक कोट उचलला आणि पाच काजं केली, पाचही सरळ. थोरली हातातलं काम टाकून ते बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, बघ, औषध लागू पडलं. डॉक्टरीणबाईंना पट्ट्या दाखवल्या, हात दाखवला, त्यांनाही समाधान वाटलं. मशीनवाल्याकडे जाणारे कोट पुन्हा धाकटीकडे आले. गिऱ्हाइकं पुन्हा कौतुक करू लागली. सगळे त्या पट्ट्यांकडे बघत होते, आणि मी सगळ्यांच्या समोर, टेबलावर, मूग गिळून बसलो होतो.

मला खालून दिसत होतं. धाकटीची काजं दाट होऊ लागली होती. पूर्वी ज्या चिरेला वीस टाके पुरायचे तिथे ती तीस घालायची, मग चाळीस. काजाची कड तारेसारखी ताठ व्हायची. बटण त्यातून जाताना अडायचं. थोरलीला ते मजबूत वाटलं. रोज लागणारा दोरा दुप्पट झाला, त्याचंही तिला काही वाटलं नाही, काम वाढलंय म्हणाली. आणि एका दुपारी धाकटी गुणगुणायला लागली.

त्याच आठवड्यात थोरली माप घ्यायला बाहेर गेली असताना धाकटीने मला उघडलं आणि तळातल्या गोळ्या एकेक करून टेबलावर मांडल्या. शर्टाच्या पट्टीवर बटणं मांडतात तशा, सारख्या अंतरावर, एका ओळीत. एक्केचाळीस होत्या. ती खूप वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मग तिने ओंजळ भरली. ती ओंजळ माझ्यावर आली, तिथेच थांबली, वर गेली, पुन्हा खाली आली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.  शेवटी सगळ्या गोळ्या एकदम माझ्यात पडल्या. ती माझ्या झाकणावरच्या घोड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आई याच वयाची होती रे." मग तिने झाकण दाबून मिटलं. 

आता तो दिवस. त्या दिवशी बारा पांढरे शर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. सकाळी दुकान उघडलं आणि थोरली मशीनवर बसली. धाकटी माझं झाकण उघडं टाकून, कोट चढवून उभी होती. मी जरा बाहेर जाऊन येते, म्हणाली आणि गेली. दार उघडंच राहिलं. थोरलीने मान वर करून उघड्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मशीन चालू केलं. दहा वाजले, अकरा वाजले, धाकटी आली नाही. थोरली दर दोन मिनिटांनी दाराकडे बघू लागली. शेवटी स्वतःलाच धीर द्यावा तशी म्हणाली, येईल, तोवर बटणं लावून टाकू.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मला जवळ ओढलं. माझ्यात हात घालण्याआधी ती क्षणभर घुटमळली. मग डोळे शर्टावर ठेवूनच तिने हात घातला. शिवणारी माणसं डब्यात बघत नाहीत. बोट फिरवतात, चार भोकं लागली की बटण उचलतात. थोरलीने एक उचललं, लावलं. दुसरं उचललं, लावलं. तिसऱ्या वेळी बोट खोल गेलं. तिने एक बटण चिमटीत धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. भोकं लागेनात. पुन्हा फिरवला. मग तिने शर्टावरची नजर काढून हाताकडे पाहिलं.

तिने मला टेबलावर पालथं केलं. बटणं टेबलभर पसरली. तिच्या हाताने आपोआप निवडायला सुरुवात केली, पांढरी इकडे, पांढरी तिकडे, भोकाची एका बाजूला, बिनभोकाची एका बाजूला. चौदाव्या वर्षी बसली होती तशीच बसली होती. निवडून झाल्यावर ती भिंतीच्या आकड्याकडे गेली, पट्ट्यांवरून हात फिरवला, आणि खाली बसली. त्या पट्ट्या तिने स्वतः, एकेक करून, समाधानाने टोचलेल्या होत्या.

तेवढ्यात दारात धाकटी उभी राहिली. तिच्या कोटाला एकही बटण नव्हतं. जिथे बटणं होती तिथे दोऱ्याची टोकं लोंबत होती. तिच्या हातात काजाची छोटी, टोकदार कात्री होती. तिची नजर थोरलीच्या स्वेटरवर होती. स्वेटरला पुढे सहा मोठी काळी बटणं होती.

ती जवळ आली. थोरली उठली आणि भिंतीला लागली. वडिलांनी जे केलं होतं ते तिच्या हातात आलं होतं, मला दिसलं. तिचा हात कात्री हिसकावायला अर्धा वर गेला. आणि मित्रांनो, तो तिने खाली घेतला. हात खाली सोडून ती उभी राहिली आणि धाकटीला म्हणाली, काप. धाकटीने गळ्याखालचं पहिलं बटण कापलं. कात्रीचं टोक थोरलीच्या गळ्यापासून बोटभर लांब होतं. दुसरं कापलं, तिसरं कापलं. थोरली श्वासही हलका घेत होती. सहावं बटण कापून झालं तेव्हा धाकटीने सगळी मुठीत घेतली आणि माझ्यात टाकायला वळली. मी टेबलावर पालथा पडलो होतो आणि शेजारी दोन ढीग होते. ती त्या ढिगांकडे बघत राहिली.

थोरलीने तिला कधी विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. "गोळी का टाकत होतीस?"

"हात."

"म्हणजे?"

धाकटीने कात्री टेबलावर ठेवली. मग एकेक शब्द पकडून आणावा तशी ती बोलली. "ताई, मला जाग आलीय. मला कळतंय. गोळी घेतली तर हात जातो. नाही घेतली तर मी जाते. यातलं काय ठेवू, ते तू सांग."

थोरली मोठी होती. दुकानात आणि घरात सगळ्या गोष्टींचं उत्तर तिच्याकडे असायचं. या वेळी ती म्हणाली, "मला नाही माहीत. पण मी विचारलं नाही, ते चुकलं माझं." मग ती रडली. धाकटी मात्र रडली नाही. जाग आलेल्या माणसाला रडायला उसंत नसते.

बारा शर्ट तसेच राहिले. थोरलीने गोळ्या माझ्यात भरल्या, मला काखेत मारलं, दुसऱ्या हाताने धाकटीचा हात धरला आणि दोघी इस्पितळात निघाल्या. पायऱ्यांवर मी सटकून पडलो आणि माझ्या झाकणाची कड चेपली. तीच ही कड. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मला उघडायला जोर लागला नाही, झाकण आपणच निघालं. त्यांनी गोळ्या पाहिल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्या एकेक करून मोजल्या. धाकटीने खिशातून कापडाचा एक तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर तीन काजं होती. एक गोळ्या घेताना केलेलं, वेडंवाकडं हसणारं. एक गोळ्या टाकायला लागल्यावरचं, सरळ. आणि एक त्याच सकाळचं, इतकं दाट की त्यात टाचणीचं टोकही शिरलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. त्या म्हणाल्या, मी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मनात काय येतं ते विचारलं. पोट कशावर भरतं आणि तिथे काय होतंय, ते विचारलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. हाताची थरथर ही गोळीमुळेच आहे. गोळी कमीजास्त करता येते, बदलता येते, जोडीला दुसरी देता येते. पण त्याला वेळ लागतो, रक्त तपासावं लागतं, आणि आपल्या मनाने एकदम बंद केली तर काय होतं ते आज तुम्ही पाहिलंच. धाकटीने विचारलं, हात पहिल्यासारखा होईल का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. "बराचसा होईल असं वाटतं. पूर्ण होईल, असा शब्द देत नाही."

धाकटी पुन्हा काही दिवस तिथे राहिली. बाहेर येताना तिने गोळी घ्यायचं कबूल केलं, पण अट घातली, आणि अट थोरलीला. यापुढे आकड्याला पट्ट्या टोचायच्या नाहीत. रिकामी पट्टी काहीही सांगत नाही. दर सोमवारी ती कापडाच्या तुकड्यावर एक काज करील, ते आकड्याला लागेल, आणि महिन्याने डॉक्टरीणबाईंनी तेच बघायचं. काज हसलं तर गोळी जड होतेय. काज दाट झालं तर जाग येतेय. थोरलीला ही गोष्ट पचायला जड गेली. मोजता येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? पण तिने आकड्यावरच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या.

आज त्या आकड्याला एकतीस काजं आहेत. पहिली सात बघवत नाहीत. मग ती हळूहळू सरळ होत गेली आहेत. एकोणीस काजांच्या त्या कोटासारखं मात्र त्यात एकही नाही, आणि धाकटीने ते ओळखलं आहे. भारी कोटांपैकी निम्मे अजून मशीनवाल्याकडे जातात. एखाद्या दुपारी ती आपला उजवा हात समोर धरून बघत बसते, आणि मला तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचता येत नाही. शेवटची दोन काजं मला किंचित दाट वाटतात. की मलाच तसं वाटतं? मी टाके मोजू शकत नाही. थोरलीने ती खिडकीशी नेऊन दोनदा पाहिली आहेत, आणि उद्या त्या दोघी डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहेत.

माझ्या तळाच्या सांध्यात एक गोळी अजून अडकून आहे. ती विरघळून तिथे पांढरा डाग झाला आहे आणि त्याभोवती गंज धरला आहे. रोज सकाळी धाकटी मला उघडते, एका हातात बटणं असतात, दुसऱ्या हातात गोळी असते. ती क्षणभर थांबते. रोज थांबते. तेवढा वेळ मी कान टवकारून असतो. आज सकाळी ती जास्त वेळ थांबली. इस्त्रीपाशी उभ्या असलेल्या थोरलीने मागे वळून पाहिलं. घेतलीस का, असं तिने विचारलं नाही. "हात कसा आहे आज?" असं विचारलं. "थरथरतोय," धाकटी म्हणाली. "कालच्याइतकाच?" "थोडा कमी." मग मला पेल्यातलं पाणी घशाखाली उतरल्याचं ऐकू आलं. माझ्यात काही पडलं नाही.

मित्रांनो, उद्याचं मी सांगू शकत नाही. पण तुमच्या घरात कुणी गप्प गप्प असेल, किंवा एकाएकी फार आनंदात असेल, तर रिकाम्या पट्टीवर जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. तुमच्याच पोटात असं काही पडलं असेल, तर माझ्यासारखे तोंड मिटून बसू नका, मी त्याचा फार अभिमान बाळगला आणि तो दोघींना फार महागात पडला. आणि एक मागणं माझ्यासाठी. चेपलेलं झाकण बघून कुणाला तरी वाटतंच, की ठोकून सरळ करावं, म्हणजे डबा पूर्वीसारखा घट्ट मिटेल. तसं कुणी हातोडी घेऊन आलंच, तर त्याला सांगा, राहू दे.